आधी डबा, मग टॅली

नोकरीला लागताना मला सगळ्यांनी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, साहेबाला उलट बोलू नकोस. मामा म्हणाला, वर्षभर टिक, मग उडी मार. टॅली म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, त्याच्या क्लासच्या सरांनी शॉर्टकट की पाठ करून घेतल्या. दुपारी दीड वाजता काय खायचं, कुठे बसून आणि कोणाबरोबर, हे मात्र कोणीच सांगितलं नाही. पहिल्या सहा महिन्यांत माझं जे बिघडलं ते तिथेच बिघडलं, आणि पुढे जे सुधारलं तेही तिथूनच. गावाकडून पुण्यात ऑफिसच्या नोकरीला येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. अकाउंट्सवाल्यांना जास्त लागू पडेल, बाकीच्यांनी आपापलं बघून घ्यावं.

जून २०१६. बार्शीहून एसटीनं स्वारगेटला उतरलो आणि सरळ सदाशिव पेठेत आतेभावाच्या खोलीवर गेलो. तो एमपीएससी करत होता. खोलीत तीन कॉट, तिसरी रिकामी. पुण्यात याला 'कॉट बेसिस' म्हणतात. खोली तुमची नसते, पलंग तुमचा असतो, आणि पलंगाखाली जेवढं मावेल तेवढा तुमचा संसार. ऑफिस खराडीला. नकाशात बारा-तेरा किलोमीटर दिसलं, म्हटलं त्यात काय. आमच्याकडे बारा किलोमीटर म्हणजे वीस मिनिटं आणि मध्ये एखादं गाव. इथे मनपाच्या, म्हणजे महापालिकेजवळच्या, बसथांब्यापर्यंत चालत जायचं, वाघोलीकडची बस धरायची, आणि मग येरवड्याचा गुंजन चौक, शास्त्रीनगर, विमाननगर, खराडी बायपास, दर सिग्नलला एकेक डुलकी. सव्वा तास कुठे गेला नाही.

आता पेठेतून येणाऱ्यांचं जरा बरं आहे. मार्च २०२४ पासून मेट्रो रामवाडीपर्यंत जाते, आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस स्वारगेटचा भुयारी टप्पा सुरू झाला. मंडईला चढा, जिल्हा न्यायालयाला गाडी बदला, रामवाडीला उतरा, पुढे बस नाहीतर शेअर रिक्षा. पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, मासिक पास जून २०२५ च्या भाडेवाढीत १,५०० रुपये झाला, तेव्हा महिन्यातले किती दिवस खरंच बसनं जाणार ते मोजून मगच काढा. तरी माझं मत विचाराल तर पहिल्या महिन्यातच चंदननगर किंवा वडगाव शेरीकडे खोली बघा. पेठेत राहायचं ते अभ्यासिकेसाठी. तुमची अभ्यासिका आता एक्सेल आहे.

पण खरी अडचण बसची नव्हती, मेसची होती. पेठेतल्या मेस विद्यार्थ्यांच्या घड्याळावर चालतात. आमची मेस सकाळी साडेदहाला उघडायची, मी आठला बाहेर पडायचो. म्हणजे दोन वेळचे पैसे आगाऊ भरून मी जेवायचो एकच वेळ. मेसच्या काकांना म्हटलं, दुपारचे पैसे कापा. ते म्हणाले, खाडा धरायचा तर सलग तीन दिवसांचा, दोन्ही वेळचा, आणि तोही आदल्या दिवशी सांगून. हा 'खाडा' शब्द लक्षात ठेवा. जेवायला न येण्याची रीतसर नोंद म्हणजे खाडा, आणि त्याचे नियम आमच्या कंपनीच्या रजेच्या नियमांपेक्षा कडक होते.

तर दुपारी मी खाली टपरीवर. वडापाव, चहा. दुसऱ्या दिवशी समोसापाव, चहा. एकटाच, कारण आमच्या सेक्शनमधले सगळे दीडला डबे घेऊन वरच्या मजल्यावर जायचे आणि आपल्याकडे डबा नाही तर कोणत्या तोंडानं जायचं. दोन महिन्यांत पित्तानं असा धरला की दुपारी चारच्या पुढे माझ्या नोंदींमध्ये हमखास चुका. एकदा एका पार्टीचं, म्हणजे व्यवहारातल्या एका फर्मचं, पेमेंट दुसऱ्याच पार्टीच्या लेजरला, म्हणजे खात्यात, टाकलं. नावं सारखी होती हे खरं, पण सकाळी दहाला मी ती चूक केली नसती हेही खरं.

आतेभावानंच गल्लीतल्या एका काकू शोधून दिल्या. सकाळी सव्वासातला डबा तयार: तीन पोळ्या, एक सुकी भाजी, शनिवारी उसळ. (आमच्याकडे चपाती म्हणतात. पुण्यात पोळी म्हणायला शिका, नाहीतर पुरणाची का, असं विचारतात.) नव्यानं येणाऱ्यांनी हे काम सामान लावायच्या आधी करावं. राहत्या गल्लीत पोळी-भाजी केंद्र किंवा घरगुती डबा देणारं कोण आहे, सकाळी किती वाजता देतात, आणि भाजीत बटाटा आठवड्यातून किती वेळा असतो. तिसरा प्रश्न लाजू नका, विचारा.

डबा घेऊन पहिल्या दिवशी वर गेलो तो प्रसंग मी विसरायला तयार आहे, ऑफिस नाही. मायक्रोवेव्हपुढे रांग, मजल्यावर माणसं दीडशेच्या वर आणि मशीन दोन. माझा नंबर आला तसा मी आईनं दिलेला स्टीलचा डबा झाकणासकट आत ठेवला आणि बटण दाबलं. आत निळ्या ठिणग्या, चटचट आवाज, मागे कोणीतरी 'अरे अरे अरे', आणि स्टोअरचे काका धावत येऊन त्यांनी प्लगच ओढला. मशीन वाचलं. काकांनी डबा हातात दिला, नावगाव विचारलं आणि म्हणाले, "बार्शीचा का? मग शेंगाची चटणी असंल की डब्यात." होती. आईनं उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लालभडक. काका मोहोळचे निघाले. त्यांनी मला हाताला धरून टेबलाशी नेलं, चटणी मध्ये ठेवली, आणि मी त्या टोळीत सामील झालो.

टोळी सहा जणांची. आमच्या सीनियर मॅडम, स्टोअरचे काका, पर्चेसचा सांगलीचा एक पोरगा, पेरोलवाली एक मुलगी, डिस्पॅचचे दोघं. इंडक्शनच्या दिवशी आम्हाला कंपनीची मूल्यं स्लाइडवर दाखवली होती, त्यातलं एकही आज आठवत नाही. जे आठवतं ते सगळं त्या टेबलावरचं.

उदाहरण सांगतो. फेब्रुवारी २०१७ ची पगाराची स्लिप बघितली तर व्यवसाय कर ३०० रुपये कापलेला. दर महिन्याला २०० जातात, हे १०० जास्तीचे कसले? मी तडक एचआरला मेल ठोकला, वर साहेबांना सीसी, भाषा अशी की वकिलानं वाचावी. दुपारी टेबलावर ऐटीत सांगितलं. पेरोलवाली हसून हसून पाणी प्यायली. मग मॅडमनी पोळीचा तुकडा मोडता मोडता हिशोब घातला. राज्यघटनेनं या कराला वर्षाला २,५०० ची मर्यादा घातलीय. बाराला सारखे वाटता येत नाहीत, म्हणून महाराष्ट्रात अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००. अकाउंट्सच्या माणसानं हा मेल करावा, ह्यातच काय ते आलं. संध्याकाळी मी एचआरला दुसरा मेल केला, चार शब्दांचा.

पगाराचा अर्थही तिथेच कळला. ऑफर लेटरवरचा आकडा बाराने भागून मी घरी सांगितला होता, आणि पहिला पगार आल्यावर बाबांना वाटलं मी पैसे उडवतोय. मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफ तुमच्यातून जातो, कंपनीही तेवढाच भरते, पण आमच्या कंपनीसारख्या पुष्कळ कंपन्या आपला वाटाही सीटीसीतच, म्हणजे ऑफर लेटरवरच्या वर्षाच्या आकड्यातच, मोजतात. वर ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची, तरतूद, ती आत्ता हातात येतच नाही. तेव्हा घरी सांगताना बँकेत जमा होणारा आकडाच सांगा, आणि तोही पहिला पगार झाल्यावर.

तारखांचं म्हणाल तर अकाउंट्सवाल्याचं कॅलेंडर वेगळंच असतं. ७ ला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, भरायचा, ११ ला जीएसटीआर-वन हे विक्रीचं विवरणपत्र, १४ ला टू-बी हे जीएसटीचं खरेदीचं पत्रक येतं ते आपल्या खरेदीशी जुळवत बसायचं, १५ ला पीएफ, २० ला थ्री-बी हे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र. या तारखांना बहिणीचा साखरपुडा ठरू देऊ नका. माझ्या बहिणीचा २० लाच ठरला होता, भावजींकडच्यांना तारीख बदलायचं कारण सांगताना आईची जी पंचाईत झाली ती अजून ऐकवते. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. त्यानंतरचे तीन-चार महिने आमचं टेबल दीडला भरायचं बंद झालं. कोणी दोनला, कोणी साडेतीनला, कोणी डबा तसाच घरी परत. काकूंनी एकदा विचारलंसुद्धा, भाजी आवडत नाही का रे? थ्री-बीच्या रात्री निघायला साडेनऊ व्हायचे, मेस बंद झालेली, आणि मग भुर्जीपावची गाडी. त्या भुर्जीला मी नावं ठेवणार नाही. पण आठवड्यात दोनदाच्या वर गेलात तर पित्ताची गोष्ट वर लिहिलेली आहे, ती परत वाचा.

कुरकुरी कराव्यात तेवढ्या थोड्याच. एसीचा थंडावा नेमका माझ्या मानेवर पडतो आणि रिमोट ज्याच्याकडे आहे त्याला कायम उकडतं. चहाच्या मशीनमधून जे येतं त्याला चहा म्हणणं हे धाडस आहे. ते दूध, साखर आणि वेलचीच्या वासाचं गरम पाणी, त्यात चहापत्ती ऐकीव. फ्रिजमधलं दही दुसऱ्याच दिवशी अर्धं होतं. वाढदिवसाला केकची वर्गणी, केक अमक्याचा पण पैसे तमक्याच्या फोनवर पाठवायचे, आणि तोंडाला क्रीम फासलं नाही तर उत्सव पूर्ण होत नाही. मेलच्या शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' लिहिणाऱ्यांना नक्की काय हवं असतं ते मला नऊ वर्षांत कळलेलं नाही.

पण सगळ्यात मोठी कुरकुर म्हणजे जेवताना बिलं घेऊन येणारी माणसं. सेल्सवाले दिवसभर बाहेर, त्यांना अकाउंट्स सापडतं ते दीड वाजता टेबलावर. "दोन मिनिटं, हे एवढं हॉटेलचं बिल बघ ना, पास होईल का?" सुरुवातीला मी भिडेपोटी डबा बाजूला सारून बघायचो. मॅडमनी उपाय शिकवला: चमचा घरी ठेवून ये, हातानं जेव. हात खरकटा असला की कागद धरता येत नाही, आणि 'हात धुऊन बघतो' म्हटल्यावर पुण्यातही कोणी वाद घालत नाही. मी आता भातसुद्धा हातानंच खातो.

एकट्यानं डेस्कवर जेवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, काहींना तेवढीच शांतता मिळते. तरी २०२० चं सांगतो. मार्चअखेर लॉकडाउन लागला, मी बार्शीला, लॅपटॉप देवघराशेजारच्या टेबलावर, दुपारी आईच्या हातची गरम भाकरी. जेवणाचं म्हणाल तर आयुष्यातलं उत्तम वर्ष. त्या काळात आमच्याकडे एक मुलगी घरूनच रुजू झाली. माझ्यापेक्षा हुशार, एक्सेलमध्ये तर फारच पुढे. पण अमक्या पार्टीचं बिल दोनदा येतं म्हणून नंबर जुळवून घ्यायचा, तमक्या साहेबांची सही जेवणाआधी मागायची नाही, ह्या गोष्टी कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेल्या नव्हत्या. ते डुप्लिकेट बिल तिच्याकडून पास झालं. बोलणी तिला बसली. मला फोन करायला ती संकोचली, आणि तिला फोन करायचं मला सुचलं नाही. ऑफिस उघडल्यावर ती पहिल्यांदा डबा घेऊन टेबलाशी आली त्या आठवड्यात तिनं जेवढे प्रश्न विचारले, तेवढे आधीच्या सबंध वर्षात विचारले नव्हते.

आता बारीकसारीक. डबा काचेचा घ्या किंवा मायक्रोवेव्हला चालेल असा. स्टीलचा पोळ्यांना ठेवा, त्या गरम करायच्या नसतातच, कडक होतात. रस्सा आणायचा तर घट्ट झाकणाचा, बसमध्ये बॅग मांडीवर. सुकट-बोंबील ऑफिसात गरम करू नका. खायला माझी काहीच हरकत नाही, पण वास सोमवारपर्यंत राहतो आणि नाव तुमचं होतं. रविवारी रात्री बहुतेक मेस बंद असतात, दुपारच्या फीस्टवर, म्हणजे गोडाधोडाच्या खास जेवणावर, जास्त भरवसा ठेवू नका, रात्री दहाला पुन्हा भूक लागते. खोलीवर पोहे आणि एक इंडक्शन शेगडी असू द्या, मालकांना आधी विचारून.

दिवाळीला गावी जाताना खाडा आदल्या दिवशी सांगा, मेसला आणि काकूंना दोघांनाही. येताना चटणी अर्धा किलो आणा. पाव किलो आणली तर मंगळवारी दुपारी बरणीचा तळ दिसतो, आणि बुधवारी स्टोअरचे काका विचारतात, "काय रे, घरी भांडून आलास का?"