मातीचं धरण मॉडेलमध्ये हलवताना

कच्छमधलं चांग धरण जेमतेम १५ मीटर उंचीचं. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात ते जवळजवळ पूर्ण ढासळलं, तेही जलाशयात पाणी नसल्यात जमा असताना. भरावाखालचा गाळाचा थर मात्र भिजलेला होता. हादऱ्यांनी त्याचं द्रवीकरण झालं, म्हणजे भिजलेली माती ताकद गमावून द्रवासारखी झाली, आणि वरची माती पसरली. म्हणून मातीचं धरण भूकंपात कसं वागेल हे संगणकावरच्या मॉडेलमध्ये पाहताना सुरुवात पायापासून करा. भराव थेट कठीण खडकावर ठेवलात, तर हा बिघाड उत्तरात दिसणारच नाही.

आधी भराव आठ-दहा थरांत चढवा, मग पाणी भरून पाझर स्थिर होऊ द्या. मातीवर आधीचा दाब किती आणि छिद्रांत पाणी किती, यावरच पुढचं सगळं ठरतं.

मेश, म्हणजे मॉडेलचे लहान तुकडे (एलिमेंट) पाडणारी जाळी, बारीक हवी. मातीत कर्तन लहरींचा (कणांना आडवं हलवणाऱ्या लहरींचा) वेग सेकंदाला १५० मीटर आणि १५ हर्ट्‌झपर्यंतचे हादरे पोचवायचे असतील, तर लहरीची लांबी १० मीटर. एलिमेंटची उंची तिच्या दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे १ मीटर. जाड मेशमध्ये वरच्या वारंवारता गुपचूप गाळल्या जातात आणि धरण फसवं शांत दिसतं.

सर्वांत जास्त चुका हादरा देताना होतात. उघड्या खडकावरची भूकंपाची नोंद त्वरण म्हणून ताठ तळाला लावली, की परतणाऱ्या लहरी आतच कोंडतात. तळाला लहर शोषणारी सीमा द्या आणि हादरा कर्तन ताण म्हणून लावा : खडकाची घनता × लहरीचा वेग × उघड्या खडकावरचा कणवेग (हादऱ्यात खडकाचा कण हलण्याचा वेग). वर जाणारी लहर या कणवेगाच्या निम्मी असते. मूळ सूत्रात वर जाणाऱ्या लहरीचा कणवेग घेऊन २ने गुणतात, तो २ तिथेच कटतो. तो पुन्हा लावला तर हादरा दुप्पट होतो. खात्रीसाठी धरण काढून सपाट जमिनीवर तीच नोंद चालवा आणि मातीच्या एकमितीय स्तंभाच्या (लहर फक्त उभी जाते असं धरलेल्या) उत्तराशी ताडून पाहा. त्वरणाच्या नोंदीचं दोनदा संकलन (इंटिग्रेशन) करून शेवटचं विस्थापनही तपासा. ते शून्याजवळ नसेल, तर अख्खं मॉडेल एका बाजूला सरकत जातं.

न्यूमार्कची सरकत्या ठोकळ्याची रीत, म्हणजे घसरणारा भाग ताठ ठोकळा मानून तो किती सरकेल ते काढणं, झटपट आहे, पण माती ताकद टिकवून असेल तरच वापरा. भिजलेल्या सैल वाळूला ती लावू नका.

नोंद संपली म्हणून गणित थांबवू नका. कॅलिफोर्नियातल्या लोअर सॅन फर्नांडो धरणाचा जलाशयाकडचा उतार ९ फेब्रुवारी १९७१ रोजी घसरला, तो हादरे थांबल्यावर सुमारे अर्ध्या मिनिटाने. त्यामुळे द्रवीकरण झालेल्या थरांना उरलेलीच ताकद द्या, गणित पुढे चालवा आणि खचलेला माथा पाण्याच्या पातळीशी ताडा. सॅन फर्नांडोला पाण्यावर उरला होता तो फुटक्या मातीचा दीडेक मीटर.