लाकडी पॅनेलची भिंत बसवताना पाण्याला वाट ठेवा

एका घराची बाहेरची भिंत दुरुस्त करताना मी आडव्या सांध्याजवळ पटाशी टोचली आणि पातं निम्मं आत गेलं. वरून रंग धडधाकट होता. आत प्लायचे पापुद्रे सुटून काळे पडले होते. वरचं आणि खालचं पॅनेल जिथं मिळतं तिथं पत्र्याची पट्टी न घालता कुणीतरी ती फट सीलंटनं भरून टाकली होती. सीलंटला चीर पडली, पाणी आत गेलं आणि त्याला बाहेर पडायला जागाच उरली नाही.

तेव्हापासून कोडमधला, म्हणजे बांधकामाच्या नियमावलीतला, प्रत्येक आकडा वाचताना मी आधी पाण्याचा विचार करतो. पुढचे बहुतेक आकडे इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडच्या (अमेरिकेत घरांसाठी वापरल्या जाणाऱ्या नियमावलीच्या) चौकटीतले आहेत. तुमच्याकडे दुसरा कोड लागू असेल तर त्यातले आकडे आणि पॅनेलसोबत आलेलं सूचनापत्रक धरा.

सुरुवात खालून करायची. प्रक्रिया न केलेलं लाकूड मातीपासून किमान 6 इंच वर हवं. ओटा किंवा पायरीच्या काँक्रीटपासून 2 इंच. बाग करताना माती चढते, म्हणून मी मातीपासून 8 इंच ठेवतो.

पॅनेलच्या आधी पाणी अडवणारा थर, म्हणजे डांबरी कागद किंवा हाऊसरॅप. हा खालून वर लावत जायचा: वरचा पट्टा खालच्यावर किमान 2 इंच यावा, उभ्या जोडाला 6 इंच. उलटा चढवलात तर तोच कागद पाणी भिंतीत ओतेल. खिडकीच्या डोक्यावरची पत्र्याची पट्टी या थराच्या आत खोचलेली हवी, नुसती वरून चिकटवलेली चालत नाही.

पहिलं पॅनेल कोपऱ्यातून लावा आणि ओळंब्यात घ्या. ते सुताभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कललं तर पुढची सगळी रांग कलते. उभा सांधा स्टडच्या (भिंतीच्या सांगाड्यातल्या उभ्या लाकडाच्या) मधोमध पडलाच पाहिजे, मागे शीदिंग (सांगाड्यावर ठोकलेलं लाकडी आवरण) असेल तरच यात सूट मिळते. दोन पॅनेलमध्ये एक सूत फट सोडा, कारण ओल धरली की लाकूड फुगतं आणि फट नसेल तर पॅनेल पोट काढतं. पॅनेल पूर्ण 4 फूट रुंद असेल तर ही सुतासुताची फट साठत जाते आणि चार-पाच पॅनेलनंतर कड स्टडवरून सरकू लागते. म्हणून आधी पॅनेल मोजा आणि सगळी आखणी भिंतीवर करून बघा.

खिळे गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेसचे. साधा खिळा गंजतो आणि रंगातून तपकिरी ओघळ उतरतात. कडेला दर 6 इंचांवर, मधल्या स्टडवर दर 12 इंचांवर, आणि पॅनेलच्या कडेपासून तीन सूत आत. खिळ्याचं डोकं पृष्ठभागाला टेकलं की थांबा. खिळ्याच्या बंदुकीचा दाब जास्त असला तर डोकं वरचा पापुद्रा फोडून आत जातं, पकड कमी होते आणि तिथंच पाणी मुरतं. मी आधी टाकाऊ तुकड्यावर दाब जुळवून घेतो.

आता तो आडवा सांधा. इथं झेड आकाराची पत्र्याची पट्टी घाला: वरचा पाय कागदाच्या आत, खालचा पाय खालच्या पॅनेलच्या पुढे. वरचं पॅनेल पट्टीवर टेकवू नका, दोन ते तीन सूत वर ठेवा. ही फट कृपया भरू नका. रंगारी ती बुजवायला निघतोच, त्याला काम सुरू होण्याआधी सांगून ठेवा.

कापलेली प्रत्येक कड, विशेषतः खालची, पॅनेल चढवण्याआधी प्राइमरनं भरून घ्या. प्लाय पाणी पितो तो कडेनंच, आणि भिंतीवर चढल्यावर तिथं ब्रश पोचत नाही.

कागद आणि पट्ट्या झाकण्याआधी तपासणी लागते का, हे परवानगी घेतानाच विचारा. लागत नसली तरी प्रत्येक खिडकीच्या डोक्याचा आणि कोपऱ्याचा फोटो काढून ठेवा, पॅनेल बसलं की ते पुन्हा दिसणार नाही.