खोला मिरची घरी लावताय? या चुका टाळा

गोव्यातल्या काणकोण तालुक्यातली खोला मिरची तिच्या लालभडक रंगासाठी नावाजलेली आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडे ती डोंगरउतारावर, पावसाच्या पाण्यावर घेतात. पाऊस कितीही कोसळला तरी उतारावर पाणी मुळाशी थांबत नाही, ही या लागवडीची खरी गोम. घरच्या कुंडीत नेमकं उलटं घडतं आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

मरगळलेलं झाड तहानलेलंच असेल असं नाही

दुपारच्या उन्हात पानं लोंबली आणि संध्याकाळी पुन्हा ताठ झाली, तर काळजी नको. पण सकाळीच पानं मरगळलेली आहेत आणि माती ओली आहे, तर तांब्या खाली ठेवा. मुळं गुदमरली आहेत. पाणी देण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. कोरडं लागलं तरच घाला. कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढूनच टाका. जमिनीत लावत असाल तर वीतभर उंच गादीवाफा करा.

हिरवंगार झाड पानं पिवळी न पडताच दोन-चार दिवसांत माना टाकत असेल, तर जिवाणूजन्य मर रोगाचा संशय घ्या. कोकण-गोव्याच्या आम्लधर्मी मातीत तो नेहमीचाच. खोडाचा बुंध्याकडचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगता धरा. काही मिनिटांत कापाच्या तोंडातून दुधाळ धागे पाण्यात उतरू लागले, तर रोग पक्का. मग औषधं शोधत बसू नका. झाड मातीसकट उचलून टाका आणि त्या जागी निदान दोन-तीन वर्षं मिरची, वांगी, टोमॅटो यांपैकी काहीच लावू नका.

फुलं गळताहेत

जास्त नत्र हे एक कारण. दर आठवड्याला युरियाची चिमूट टाकणाऱ्यांची झाडं कमरेएवढी होतात आणि मिरची मात्र चार. लावताना चांगलं कुजलेलं शेणखत आणि फुलं येऊ लागल्यावर मूठभर राख, एवढ्यावर घरचं झाड भागवतं. दुसरं कारण उष्मा. पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुलं टिकत नाहीत. म्हणून एप्रिलमध्ये फुलोरा गाठण्याची हौस सोडा. मेअखेरीस रोप टाकून पावसाळा धरला, तर पीक आपल्या मूळ वेळापत्रकावर येतं.

चुरडा-मुरडा म्हणजे एकच रोग नव्हे

पानं आकसून वेडीवाकडी वळली की त्याला चुरडा-मुरडा म्हणतात. इथे सगळ्यात जास्त औषध वाया जातं. पान उलटं करून नीट बघा. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे आहेत. कडा खाली वळल्या असतील आणि देठ लांबलेले दिसत असतील तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारी बारीक कीड. फुलकिड्यांवर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी फवारा. कोळ्यांवर पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, पण भर उन्हात मारलंत तर पानं करपतील. शेंड्याची पानं बारीक, पिवळसर, गुच्छ झालेली आणि झाड खुरटलेलं असेल, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर इलाज नाही. झाड लगेच उपटा, नाहीतर शेजारची झाडंही जातील.

बी धरतानाच्या चुका

जुनं वाण लावायचं ते पुढच्या वर्षी त्याचंच बी हाती राहावं म्हणून. मिरची स्वतःच्या परागावर फळते खरी, पण मधमाश्या शेजारच्या झाडाचे पराग सर्रास आणतात. ढोबळी शेजारी लावली की तिखट मिरची त्याच वर्षी मिळमिळीत होते, हा समज मात्र चुकीचा. फळ आईच्याच गुणाचं येतं. भेसळ बियांत दडते आणि पुढच्या पिढीच्या झाडांत उघडी पडते. तोवर तुम्ही ते बी चार घरी वाटूनही मोकळे झालेले असता.

उपाय सोपा आहे. कळ्या उमलण्याआधी फांदीला मलमलची पातळ पिशवी बांधा. रोज हलकी टिचकी मारा, म्हणजे आतले पराग झडतील. फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधा, म्हणजे ते चुकून फोडणीत जाणार नाही. बी एकाच झाडाचं धरू नका, तीन-चार चांगल्या झाडांचं एकत्र करा. फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या. काळे, खोलगट, वर्तुळाकार डाग पडलेली मिरची बियाण्याला अजिबात नको, कारण ही फळसड बियांतूनही पुढे जाते.

खाण्याची मिरची कडक उन्हात वाळवा, बियाण्याची सावलीत. बाजारातल्या सुक्या मिरचीतून काढलेलं बी बऱ्याचदा उगवत नाही, त्यात जुनेपणाबरोबर या उन्हाचाही वाटा असतो. वाळलेलं बी राखेत घोळवून काचेच्या बाटलीत घट्ट बंद करा. पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवा. दहा-बारा दिवसांत सातपेक्षा कमी रुजल्या, तर वाफ्यात बी थोडं दाट टाका.