जीमेलला जाणारे मेल परत येत होते: दोष आयपीव्ही६ मध्ये सापडला

आमच्या संस्थेचा मेल सर्व्हर पोस्टफिक्स या मेल पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतो. नव्या मशीनवर हलवल्यावर जीमेलच्या पत्त्यांवरचे काही मेल पोचत, काही ५५० हा नकाराचा कोड घेऊन परत येत. मेल खरंच आमच्याकडून आला हे पटवणारे एसपीएफ, डीकेआयएम दोन्ही ठीक होते. पालकांना परीक्षेच्या सूचना याच मार्गाने जातात, त्यामुळे जिवाला घोर लागला होता.

परत आलेला निरोप नीट वाचा, असं मी सगळ्यांना कळकळीने सांगेन. त्यात ५.७.२५ हा उपकोड होता आणि पाठवणारा पत्ता म्हणून लांबलचक आयपीव्ही६ पत्ता (इंटरनेटवरच्या मशीनच्या पत्त्याचा नवा प्रकार; जुना तो आयपीव्ही४). म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद नाही. आयपीव्ही४ साठी ती होती. नव्या मशीनला आयपीव्ही६ आपोआप मिळालं होतं, त्याची नोंद कोणीच केलेली नव्हती. पोस्टफिक्स कधी एका वाटेने जाई, कधी दुसऱ्या, म्हणून निम्मेच मेल अडकत.

तातडीने पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या मेन डॉट सीएफ फाइलमध्ये आयनेट प्रोटोकॉल्सची किंमत आयपीव्ही४ केली, म्हणजे आयपीव्ही६ची वाट बंद केली, आणि पोस्टफिक्स रीस्टार्ट केला. नुसतं रीलोड इथे पुरत नाही. मेल लगेच सुरळीत झाले.

पक्का उपाय मात्र पीटीआरचाच. ही नोंद आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये (नावं आणि पत्ते जुळवणाऱ्या यादीत) होत नाही, आयपी देणाऱ्या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये करावी लागते. शिवाय त्या नावाची एएएए नोंद, म्हणजे नावावरून आयपीव्ही६ पत्ता सांगणारी नोंद, उलट त्याच पत्त्याकडे यायला हवी. दोन्ही जुळल्याचं डीएनएस नोंदी दाखवणाऱ्या डिग कमांडने तपासलं, मगच आयपीव्ही६ पुन्हा चालू केलं.