चेन इंचावर घेऊ नका, दात मोजून घ्या

मृग तोंडावर आलाय. पाऊस लागण्याआधी काजूच्या वाळक्या फांद्या उतरवायच्या, खोडकिड्याने संपवलेली झाडं मुळासकट काढायची, घरावर आणि वीजतारांवर झुकलेला आंबा हलका करायचा. गोव्यात सत्तरी, डिचोली, फोंडा, सगळीकडे चेनसॉ याच दिवसांत लागतो आणि याच दिवसांत तो कोपऱ्यात पडलेला दिसतो. कारण बहुतेक वेळा एकच, चुकीची चेन. किडकं झाड तसंच उभं राहतं आणि त्यातले भुंगेरे शेजारच्या काजूवर जातात.

दुकानात जाऊन "सोळा इंची चेन द्या" म्हणू नका. १६ इंच ही बारची, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीची, लांबी झाली. चेन बसणार की नाही, हे पिच (कड्यांमधलं अंतर), गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या ठरवते. ड्राइव्ह लिंक म्हणजे बारच्या खाचेत फिरणारे खालचे दात. १६ इंची बारवर ३/८ इंच पिचची लो-प्रोफाइल (कमी उंचीची) चेन असेल तर हे दात ५५-५६ असतात, ०.३२५ची असेल तर ६६च्या आसपास. लांबी तीच, चेन वेगळी.

जुनी चेन काढून चटईवर पसरा. लागोपाठचे तीन रिव्हेट (कड्या जोडणारे खिळे) घ्या, पहिल्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि निम्मं करा, तो पिच. तीन रिव्हेटमध्ये साधारण १६.५ मि.मी. भरले तर पिच ०.३२५ इंच, १९च्या जवळ गेले तर ३/८ इंच. गेज म्हणजे खालच्या दाताची जाडी: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मि.मी. बहुतेक बारवर, मशीनकडच्या टोकाला, हे आकडे कोरलेले असतात. भुसा आणि काजूचा चीक खरवडला की दिसतात. मग दात मोजा, खडूने खूण करून दोनदा मोजा. हे तीन आकडे कागदावर लिहूनच दुकानात जा.

१.३ची चेन १.५च्या खाचेत घातली तर ती कलंडते आणि काप तिरका जातो. पिच चुकला तर चेन स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांवर चढते, तापते, तुटते, आणि तुटलेली चेन माणसाच्या अंगावर येते. मशीनचा स्प्रॉकेट आणि बारच्या नाकातलं चक्र, दोन्ही त्याच पिचचे हवेत. दोन चेनी झिजल्या की स्प्रॉकेटही बदला. तो स्वस्त असतो, म्हणून दुकानदार त्याचं नाव काढत नाही.

तो गळ्यात मारतो २२ इंची बार. लहान इंजिनाला तो ओढवत नाही आणि टोकापर्यंत तेलही पोचत नाही. मशीनच्या पुस्तकात दिलेल्या लांबीच्या वर जाऊ नका. काजूला १६ इंच पुरतात, असं माझं मत आहे. दुसऱ्या कंपनीचा बार घेताना बोल्टची खाच, ताण देण्याच्या खिळीचं भोक आणि तेलाचं भोक, तिन्ही मशीनवर लावून बघा. तेलाचं भोक जुळलं नाही तर बारची कड निळी-काळी पडते. बसवल्यावर टोक सुक्या झावळीसमोर धरून मशीनचा वेग वाढवा. तेलाची रेघ उडाली नाही तर काम सुरू करू नका.

बाकीची कामं:
- कानस: ३/८ लो-प्रोफाइलला ४ मि.मी., ०.३२५ला ४.८ मि.मी.
- नवी चेन रात्रभर तेलात. पहिल्या काही कापांनंतर ताण पुन्हा
- जळकं इंजिन ऑइल बारला नको
- चेन चिऱ्याला, मातीला लावू नये
- फांदीच्या कापावर १० टक्के बोर्डो मलम: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी

नारळाचं खोड चेन फार लवकर बोथट करतं. माझ्या अंदाजाने काजूच्या चिकानेही खाच तुंबते, म्हणून संध्याकाळी बार काढून खाच पातळ पत्र्याने साफ करा.

झाड मुळातून तोडायचं असेल तर १९८४च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्ज आजच द्या. दुकानातही याच आठवड्यात जा. पाऊस लागला की निसरड्या उतारावर मशीन उचलायचं नाही.