आखातात व्हिसा संपला? निदान या चुका टाळा

खेड, चिपळूण, महाड, श्रीवर्धन या पट्ट्यातून गल्फला जाणं पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. बहुतेकांचे कागद चोख असतात. पण एखादा असा असतोच, ज्याचा फोन येतो, अधूनमधून पैसे येतात आणि तो स्वतः मात्र बापाच्या मयतीलाही येत नाही. घरचे सांगतात, ‘कंपनी रजा देत नाही.’ खरी गोष्ट ही की अकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपलेला असतो, पासपोर्ट कफिलाकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे असतो आणि हा कुठेतरी रोजंदारीवर ‘खल्लीवल्ली’, म्हणजे बिनकागदाचा कामगार म्हणून राबत असतो.

अडकणं अनेकदा दुसऱ्याच्या करणीने होतं. मात्र पुढची दोन-चार वर्षं बऱ्याचदा आपल्याच चुकांनी वाया जातात.

माफीची वाट बघत बसणं. अमिरातीत मुदत संपल्यावर दिवसाला ५० दिरहम दंड लागतो, म्हणजे वर्षाचे १८,२५०. ‘एवढे कुठून भरू, माफी निघेल तेव्हा बघू’ असं म्हणत लोक दिवस ढकलतात. माफी निघतेही. २०१८मध्ये निघाली, कोविडच्या काळात निघाली, मग १ सप्टेंबर २०२४पासून निघाली आणि ऑक्टोबरअखेरची मुदत वाढून डिसेंबरअखेर झाली. दंड माफ, पुन्हा अमिरातीत येण्यावर बंदी नाही. पण १ सप्टेंबरनंतर ज्यांचा व्हिसा संपला ते त्यात बसत नव्हते. कधी निघेल आणि कोणाला लागू होईल हे सांगता न येणाऱ्या सवलतीवर आयुष्य टांगून ठेवायचं का? आणि निघालीच, तर शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. पासपोर्ट नसलेल्याला आधी दूतावासाचे कागद करावे लागतात, त्यात दिवस जातात.

इमर्जन्सी सर्टिफिकेट हाती आलं म्हणजे सुटलो असं समजणं. ही चूक सगळ्यात जास्त दिसते. पासपोर्ट हरवला, संपला किंवा अडकवला असेल तर भारतीय दूतावास हे एकेरी प्रवासाचं कागदपत्र देतो. त्यावर भारतात येता येतं, दुसरीकडे कुठे जाता येत नाही. पण ते सांगतं एवढंच की हा माणूस भारतीय आहे. त्याला देशाबाहेर सोडायचं की नाही हे तिथलं सरकार ठरवतं. दंड, बोटांचे ठसे, बाहेर जाण्याची परवानगी हा वेगळा टप्पा आहे. तो पुरा व्हायच्या आधी तिकीट काढलं तर पैसे पाण्यात गेलेच म्हणून समजा.

सर्टिफिकेटसाठी ओळख पटवावी लागते. जुन्या पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाचा, व्हिसाचा आणि शिक्क्याचा फोटो घरच्यांच्या मोबाईलमध्ये असेल तर निम्मं काम तिथेच होतं. नसेल तर आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला घरून मागवा. नाव मात्र पासपोर्टवर होतं तेच सांगा. भीतीने दुसरं नाव किंवा दुसरं गाव सांगितलं की पडताळणी रखडते.

‘हुरूब काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देणं. सौदीत कामगार पळाला अशी नोंद कफिलाने केली की हुरूब लागतो. ‘आझाद व्हिसा’ घेऊन, म्हणजे कागदावर एका कफिलाकडे राहून, बाहेर काम करणाऱ्याच्या मानेवर ही तलवार कायम असते. कफील दरवर्षी पैसे उकळतो, द्यायचं थांबवलं की नोंद टाकून मोकळा. मग कोणीतरी आपल्याच भाषेत बोलणारा भेटतो, ‘आत ओळख आहे’ म्हणतो, रियाल घेतो आणि फोन उचलायचा बंद करतो. सरकारी नोंद कोणाच्या ओळखीने पुसली जात नाही. नोंद खोटी असेल तर पगाराचे मेसेज, हजेरी, साइटवरचे फोटो असा पुरावा घेऊन कामगार खात्याकडे तक्रार करा. रियाधचा दूतावास किंवा जेद्दाहचं वाणिज्य दूतावास वाट दाखवतं. पकडले जाऊन तरहीलमधून, म्हणजे हद्दपारी केंद्रातून, पाठवणी झाली, तर पुन्हा कामासाठी सौदीला जाणं बहुधा विसरावंच लागतं.

दूतावासाला घाबरणं. दूतावास तुम्हाला पोलिसांच्या ताब्यात देत नाही, ते त्याचं कामच नाही. उलट २००९पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. खरोखर अडलेल्याला त्यातून तिकीट, तात्पुरता निवारा, कायद्याची मदत मिळू शकते. मिळेलच असं नाही, पण अर्ज करायला काही लागत नाही. अमिरातीत प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत क्रमांक ८००४६३४२ आहे. कफिलाने पासपोर्ट दाबून ठेवणं अमिराती आणि सौदी दोन्हीकडे बेकायदा आहे, हेही तिथे सांगा.

जुनं कर्ज विसरणं. दंड भरला, परवानगी मिळाली आणि विमानतळावर अडवलं, कारण क्रेडिट कार्डची किंवा परत गेलेल्या चेकची केस. दुबईत पैशांच्या प्रकरणातली पोलीस केस आहे का, हे दुबई पोलिसांच्या अ‍ॅपवर पाहता येतं. आधी ते पाहा. तुमचाच पगार थकला असेल तर निघण्यापूर्वी तक्रार नोंदवा आणि तिथल्या विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा.

बाळ तिकडेच झालं असेल आणि कागदांच्या भीतीने जन्म नोंदवला नसेल, तर उशीर वाढवू नका. भारतीय दूतावासात नोंद वर्षाच्या आत व्हावी लागते. त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी लागते.

घरच्यांनी पुन्हा त्याच एजंटाकडे धावणं. ज्याने व्हिजिट व्हिसावर कामाला पाठवलं, तोच आता ‘परत आणायचे’ पैसे मागतो. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं. जास्त घेतलं असेल किंवा नोंदणीच नसेल तर पोलिसात आणि मुंबईच्या प्रवासी संरक्षकांच्या (प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स) कार्यालयात तक्रार द्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर गावातून, बायकोच्या किंवा भावाच्या नावानेही अर्ज करता येतो. पासपोर्ट क्रमांक, तिकडचा चालू मोबाईल आणि राहण्याचं ठिकाण नीट लिहा. नुसतं ‘दुबई’ लिहिलं तर शोधणारे शोधणार कुठे? अर्जाचा क्रमांक मिळाला की तो तिकडच्या माणसालाही पाठवा, म्हणजे दूतावासात गेल्यावर त्याला तो लगेच सांगता येईल.