सिंथमध्ये मॉर्फ करताना मधला आवाज का बिघडतो? या चुका टाळा

कोल्हापुरात राज्य नाट्य स्पर्धेतील नाटकांना, लघुपटांना आणि नवरात्रातील कार्यक्रमांना पार्श्वसंगीत देणारी बरीच मंडळी आता लॅपटॉपवरच्या सिंथवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणाऱ्या सिंथेसायझरवर, काम करतात. साठवलेल्या एका व्हेरिएशनवरून (नॉबच्या जागांच्या संचावरून) दुसऱ्यावर हळूहळू जाताना, म्हणजेच मॉर्फ करताना, मधला आवाज बेसूर होतो, दबतो किंवा खटका देतो, ही त्यांची नेहमीची तक्रार असते. दोन्ही व्हेरिएशन वेगवेगळ्या वेळी, एकमेकांचा विचार न करता बनवलेली असणे हे त्याचे सर्वांत मोठे कारण होय. मॉर्फ करताना सिंथ प्रत्येक नॉब एका आकड्यावरून दुसऱ्या आकड्याकडे सरकवतो आणि वाटेतल्या आकड्यांना कोणता आवाज निघेल हे आपल्यालाच पाहावे लागते. म्हणून पहिले व्हेरिएशन पक्के करावे, त्याचीच प्रत काढून मोजकेच नॉब बदलावेत आणि मधला टप्पा कानाला पटल्यावरच दुसरे टोक साठवावे.

आपला सिंथ नेमके काय साठवतो, हे न तपासणे ही दुसरी चूक. २०१५ पासून लॉजिक प्रो या ॲपलच्या संगीत सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या अल्केमी या सिंथच्या ट्रान्सफॉर्म पॅडवर आठ स्नॅपशॉट (साठवलेल्या अवस्था) असतात, पण त्यांत फक्त परफॉर्मन्स कंट्रोलच्या, म्हणजे वाजवताना हाताशी असलेल्या मोजक्या नॉबच्या, जागा साठवल्या जातात. आत जाऊन बदललेला, कोणत्याही कंट्रोलला न जोडलेला ऑसिलेटर (मूळ ध्वनी काढणारा भाग) त्यांत येत नाही. २०२१ मध्ये आलेल्या एबलटन लाइव्ह ११ या संगीत सॉफ्टवेअरमधील मॅक्रो व्हेरिएशनही मॅक्रोपुरतेच (एकाच वेळी अनेक नॉब हलवणाऱ्या नॉबपुरतेच) असते आणि ते बोलावल्यावर मॅक्रो एकदम नव्या जागी जातात. तिथे सावकाश बदल हवा असेल, तर मॅक्रोचे ऑटोमेशन, म्हणजे वेळेनुसार नॉब आपोआप हलवणारी रेषा, रेखावे लागते.

आता कटऑफकडे, म्हणजे फिल्टर ज्या वारंवारतेपासून आवाज कापू लागतो तिकडे, येऊ, कारण सर्वाधिक घोळ इथेच होतो. समजा, एका टोकाला कटऑफ २०० हर्ट्झवर आणि दुसऱ्या टोकाला ३२०० हर्ट्झवर आहे. आकडे सरळ रेषेत सरकले, तर निम्म्या वाटेवर १७०० हर्ट्झ येते. कानाला मात्र दुप्पट वारंवारता म्हणजे एक सप्तक जाणवते आणि २०० ते ३२०० ही चार सप्तके असल्याने त्यांचा खरा मध्य ८०० हर्ट्झवर पडतो. परिणामी तीन सप्तकांहून अधिक बदल पहिल्या निम्म्यातच उरकतो आणि उरलेल्या निम्म्यात फारसे काही घडतच नाही. बऱ्याच सिंथमध्ये कटऑफचा नॉब मुळातच सप्तकांच्या हिशेबाने फिरतो, तिथे हा त्रास नसतो; जिथे तो आहे, तिथे मॉर्फच्या ऑटोमेशनला सुरुवातीला संथ आणि पुढे वेग घेणारा वक्र द्यावा.

स्वराच्या बाबतीत अधिक कडक राहावे. अल्लादियाखाँसाहेबांची गायकी आणि देवल क्लबच्या मैफली यांवर घडलेल्या या शहरात ख्यालाच्या साथीला सिंथवरचा षड्ज-पंचम लावायचा असेल, तर ट्यूनिंग, ट्रान्सपोज (पट्टी बदलणे) आणि डिट्यून (सूर किंचित हलवणे) हे नॉब मॉर्फमधून वगळलेच पाहिजेत. एका व्हेरिएशनमध्ये डिट्यून चुकून चार सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) जास्त राहिले, तरी मॉर्फ होताना षड्ज हलू लागतो आणि गाणाऱ्याला तो लगेच बोचतो. एफएम सिंथमध्ये, म्हणजे एका ध्वनिलहरीने दुसरीची वारंवारता हलवणाऱ्या सिंथमध्ये, रेशो (त्या दोन लहरींच्या वारंवारतांचे गुणोत्तर) २ वरून ३ वर नेताना मधले अपूर्णांकी आकडे घंटेसारखा बेसूर नाद काढतात. त्यामुळे रेशो दोन्हीकडे सारखाच ठेवावा आणि बदल मॉड्युलेशनच्या (लहर किती हलवायची याच्या) प्रमाणातून साधावा. वेव्हफॉर्म, फिल्टरचा प्रकार, युनिसनच्या (एकाच सुराच्या एकत्र वाजणाऱ्या प्रतींच्या) आवाजांची संख्या यांना सहसा मधली अवस्था नसते. ते एका क्षणी उडी मारतात आणि तोच खटका ऐकू येतो. डिलेचा (आवाजाचा प्रतिध्वनी देणाऱ्या इफेक्टचा) वेळ वाजत्या सुरावर सरकवला, तर अनेक डिलेंमध्ये प्रतिध्वनीच्या शेपटीचा स्वरच वरखाली होतो.

काही सिंथ नॉब सरकवण्याऐवजी आवाजाचे दोन थर क्रॉसफेड करतात, म्हणजे एक कमी करत दुसरा वाढवतात. परस्परसंबंध नसलेले दोन थर सरळ रेषेत मिसळले, तर मध्यावर पातळी सुमारे ३ डेसिबलने खाली येते. अशा ठिकाणी समशक्ती वक्र (एकूण शक्ती सारखी राखणारा, ‘इक्वल पॉवर’) निवडावा.

मिडी कंट्रोलरने (सिंथला सूचना पाठवणाऱ्या नॉब-पट्टीच्या यंत्राने) मॉर्फ करणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. साध्या कंट्रोलला १२८ पायऱ्याच असतात. वरच्या उदाहरणातील चार सप्तके त्यांत समान वाटली, तर प्रत्येक पायरी जवळपास ३८ सेंटची होते आणि रेझोनन्स (कटऑफजवळचा उठाव) जास्त असेल तर जिन्यासारखा खरखराट स्पष्ट कळतो. सिंथमध्ये स्मूदिंग (पायऱ्या गुळगुळीत करण्याची सोय) असेल तर ते वाढवावे, नसेल तर ऑटोमेशन थेट सॉफ्टवेअरमध्येच रेखावे.

एवढे करूनही दोष सापडत नसेल, तर मॉर्फ बिघडलेल्या जागीच थांबवावा, एक सूर धरून ठेवावा आणि एकेक नॉब पहिल्या व्हेरिएशनच्या आकड्यावर आणत ऐकावे. ज्या नॉबवर आवाज सुधारतो, त्याची किंमत दोन्ही व्हेरिएशनमध्ये सारखी करून पुन्हा साठवावी आणि प्रोजेक्ट बंद करून, उघडून ती टिकली आहे का ते पाहावे.